शुगर विचारून झाली, आता हाल विचारा

2020 आणि 2021 या दोन वर्षांत सातारा-सांगलीतल्या जवळपास प्रत्येक फोनवर संध्याकाळी एक मेसेज यायचा. आज इतके बाधित, इतके बरे, इतके मृत. मृतांच्या आकड्याला पुष्कळदा एक शेपूट जोडलेलं असायचं: मधुमेह होता, रक्तदाब होता. ज्यांना यातलं काही नव्हतं ते हे वाचून निःश्वास टाकायचे. "हां, शुगर होती ना त्यांना." विषय संपला. मेलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण त्याच्याच खिशात सापडलं आणि बाकीचे जेवायला मोकळे झाले.

मी तेच वाक्य दुसऱ्या बाजूने वाचत होतो. मी साताऱ्याचा. इंजिनिअरिंग सांगलीत केलं आणि दुसऱ्या वर्षाला असताना टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं. लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्याच्या कंपनीने लॅपटॉप देऊन घरी पाठवलं आणि पुढचं दीड वर्ष मी साताऱ्याच्या घरात, दोन मधुमेह्यांमधला एक म्हणून काढलं. दुसरे माझे अब्बा. त्यांचा टाइप टू, वीस वर्षांचा जुना. रोज संध्याकाळी तो मेसेज आम्हा दोघांच्या फोनवर एकाच वेळी वाजायचा. आम्ही दोघं तो वाचायचो आणि त्यावर एक शब्दही बोलायचो नाही.

सरकारी मराठीने आमच्यासाठी एक सोज्वळ शब्द काढला होता, सहव्याधी. डॉक्टर इंग्रजीत कोमॉर्बिड म्हणायचे. पेपरात, टीव्हीवर, मोबाइलच्या कॉलर ट्यूनमध्ये हेच ऐकू यायचं की वृद्धांनी आणि सहव्याधी असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. सल्ला चुकीचा नव्हता. मधुमेहात करोना जास्त गंभीर होतो हे खरंच होतं आणि ते सांगणं गरजेचं होतं. पण तुम्ही कोट्यवधी माणसांना महिनोन्‌महिने रोज सांगता की मरणाच्या रांगेत तुम्ही पुढे उभे आहात, तर मग त्या माणसांचं मन कुठल्या अवस्थेत आहे हे एकदा तरी विचारायला नको का? माझा आरोप एवढाच आहे. आमची साखर सगळ्यांनी मोजली. आमचे हाल कुणी विचारले नाहीत. सरकारने नाही, डॉक्टरांनी नाही आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपण, आपल्या मोहल्ल्याने, आपल्या जमातीने नाही. या लेखात मी सरकारवर कमी आणि आपल्यावर जास्त बोलणार आहे, कारण हे मासिक मंत्रालयात कुणी वाचत नाही, तुम्ही वाचता.

आधी थोडं शास्त्र, कारण मन आणि साखर या दोन वेगळ्या फायली आहेत असं अनेकांना वाटतं. माणूस घाबरतो तेव्हा शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं. संकटातून पळायला ताकद लागणार म्हणून यकृत रक्तात साखर ओततं. निरोगी माणसाचं इन्सुलिन ती साखर आवरतं. आमचं आवरत नाही. म्हणजे भीतीने साखर वाढते, वाढलेला आकडा बघून भीती वाढते आणि पुन्हा साखर वाढते. प्रोग्रामिंगच्या भाषेत हा बाहेर पडण्याची अट न लिहिलेला लूप आहे. दुसरी बाजू अशी की खचलेला माणूस गोळी विसरतो, चालायला जात नाही, रात्री जागतो आणि मिळेल ते खातो. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नैराश्याच्या अलीकडे आणखी एक अवस्था असते. विल्यम पोलोन्स्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1995 साली ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. इंग्रजीत तिला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, मी तिला मधुमेहाचा शीण म्हणतो. हा माणूस वेडा नसतो, आजारीही दिसत नाही. तो फक्त दमलेला असतो. रोज मोजून खायचं, रोज टोचायचं, रोज कुणाचं तरी ऐकून घ्यायचं आणि यातून सुट्टी कधीच नाही, याने दमलेला. हा शीण नेहमीचाच होता. महामारीने त्यावर आणखी ओझं लादलं.

ते ओझं कसं लादलं गेलं हे आकड्यांत सांगता येणार नाही, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

मार्च 2020 मध्ये मशिदी बंद झाल्या. आरोग्याच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, आपल्या उलेमांनीही घरी नमाज पढायला सांगितलं. पण अब्बांसारख्या निवृत्त माणसासाठी मशीद म्हणजे काय असते ते पाहा. दिवसातून पाच वेळा घराबाहेर पडायचं निमित्त. जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर चालणं. वुजूसाठी पाय धुताना पायावरची जखम दिसणं, आणि मधुमेह्यासाठी ही लहान गोष्ट नाही. असरनंतर बाहेरच्या कट्ट्यावर त्याच चार म्हाताऱ्यांशी त्याच चार गप्पा. त्यांचा व्यायाम, मित्रमंडळ आणि दिवसाचं वेळापत्रक एका हुकमाने गेलं. सकाळी फिरायला जावं तर पोलिसांची काठी. महाराष्ट्रात बाहेर व्यायामाला परवानगी मिळाली ती जूनमध्ये, 'मिशन बिगिन अगेन'मध्ये. तोपर्यंत अब्बा हॉलमध्ये सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायचे, मग तेही बंद केलं. रेशनवर मोफत धान्य आलं, ते आमच्याकडे आलं तांदूळ. भाजी दोन-दोन दिवस नाही. भात खायचा आणि बसून राहायचं. साखर अडीचशेच्या खाली येईना. घरातल्या प्रत्येकाने त्यांना त्यावरून बोल लावले. जेवणाच्या ताटावर तीन-तीन जणांची नजर. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याच्या हातातला आंबा नातू काढून घेतो आणि सगळे हसतात, हे मी आमच्याच घरात पाहिलंय. त्याच्या तोंडावर जे उमटतं ते ग्लुकोमीटर दाखवत नाही.

मग 25 एप्रिलला रमजान सुरू झाला. टाइप वन असल्याने मला रोजा धोक्याचा आहे, डॉक्टर मनाई करतात. कुरआनमध्ये, सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीत, आजाऱ्याला सूट दिलेली आहे हे लहान पोरालाही माहीत असतं. तरीही आपल्याकडे रोजा न ठेवणारा धडधाकट दिसणारा तरुण म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. एरवी ऑफिसच्या कँटीनचा आडोसा असायचा. लॉकडाऊनच्या रमजानमध्ये तो गेला. घरात सगळे रोजेदार आणि दुपारी एक वाजता मी खोलीचं दार लावून बिस्किट खातोय, आवाज होऊ नये म्हणून चहात बुडवून. मला दीनची परवानगी आहे, डॉक्टरची आहे, घरच्यांचीही आहे आणि तरी चोरी केल्यासारखं वाटतंय. 2001 मध्ये 13 देशांत केलेल्या मोठ्या पाहणीत दिसलं होतं की टाइप वनच्या सुमारे 43 टक्के आणि टाइप टूच्या सुमारे 79 टक्के मुस्लिम रुग्णांनी रमजानमध्ये किमान पंधरा रोजे ठेवले होते. यात श्रद्धा आहेच, तिला माझा सलाम. पण लाजेचा वाटा किती आहे, हे आपण कधी विचारलंय का?

आणि आपल्याला आणखी एक शिक्का होता. 23 मार्च 2020 ला सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमध्ये सौदी अरेबियातून परतलेले चौघे पॉझिटिव्ह निघाले. महिनाअखेरपर्यंत त्याच घरातले आणि संपर्कातले मिळून पंचवीसएक झाले. मिरजेत त्यांच्यावर उपचार झाले, बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले. पण त्या दिवसांत त्यांच्याबद्दल जे लिहिलं-बोललं गेलं ते विसरण्यासारखं नाही. लगेचच दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचं प्रकरण आलं आणि मग टीव्हीने आजाराला धर्मच देऊन टाकला. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं स्पष्टपणे नोंदवलं. निकाल आला तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाजीवाल्याला नाव विचारलं जात होतं.

या काळात आमच्या ओळखीतल्या एका खाला आठ दिवस ताप अंगावर काढत बसल्या. वय साठच्या पुढे, मधुमेह जुना. त्यांना करोनाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही होती की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आपलं नाव पेठेच्या ग्रुपवर फिरेल, मुलाच्या दुकानावर कुणी येणार नाही आणि लोक म्हणतील, यांनीच आणला. धोकादायक रुग्ण आणि संशयित नागरिक ही दोन्ही ओझी त्या बाईच्या एकाच छातीवर होती. त्यातलं पहिलं डॉक्टरांना दिसत होतं. दुसरं आपल्यालाच दिसायला हवं होतं, कारण ते आपल्याशिवाय कुणालाच दिसणार नव्हतं. आपण काय केलं? आपण चॅनेलवाल्यांना उत्तरं देणारे लेख लिहिले, व्हिडिओ केले. तेही गरजेचं होतं. पण खालाच्या दारात जाऊन "कैसे हैं आप" असं विचारणारं कुणी नव्हतं.

सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघर आल्या. त्या पोरींनी तुटपुंज्या मानधनावर जे काम केलं त्याला तोड नाही, त्यांच्याबद्दल एक शब्दही वाकडा लिहिणार नाही. तापमान बघितलं, ऑक्सिजन बघितला, घरात कुणाला मधुमेह-रक्तदाब आहे का ते लिहून घेतलं. आमच्या दारात मनाबद्दल प्रश्न आला नाही, कारण त्यांच्या हातात तो प्रश्न दिलेलाच नव्हता. दारापर्यंत माणूस पोचला होता. अजून दोन ओळी विचारायच्या होत्या.

मग लस. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढचे सगळे आणि 45 ते 59 मधले 20 ठरावीक आजार असलेले, अशी पात्रता ठरली. त्या यादीतली मधुमेहाची ओळ मी सवयीने कोड वाचावा तशी वाचली. मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा त्यात गुंतागुंत, आणि सोबत रक्तदाबावर उपचार चालू. त्या 'आणि' या एका शब्दाने किती माणसं बाहेर गेली! वर्षभर ज्यांना रोज सांगितलं की तुम्ही सहव्याधीवाले आहात, जपून राहा, त्यांना लसीच्या दारात सांगितलं गेलं की तुमची सहव्याधी पुरेशी नाही. 1 एप्रिलपासून 45 च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली, मान्य. माझ्यासारखे तिशीतले टाइप वनवाले मात्र मेपर्यंत थांबले आणि मधला एप्रिल कसा होता हे सातारा-सांगलीत कुणाला सांगायची गरज नाही. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविरसाठी रात्रभर रांगा.

त्या लाटेत जे वाचले त्यातल्या मधुमेह्यांचं पुढे काय झालं? ऑक्सिजनवर असलेल्यांना स्टेरॉइड दिलं, त्याने जीव वाचले. पण स्टेरॉइडने साखर उसळते. करोनातून उठलेला माणूस चारशेची साखर घेऊन घरी आला. आणि मे 2021 मध्ये म्युकरमायकोसिस, काळी बुरशी आली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड हेच तिचं खतपाणी. डोळा काढावा लागला, जबडा काढावा लागला अशा बातम्या रोज. माझे सांगलीचे मामू त्या महिन्यात हॉस्पिटलमधून घरी आले होते. दिवसातून वीस वेळा आरशासमोर उभे राहायचे, बॅटरी मारून टाळू बघायचे, गालाला बोट लावून बधिर झालंय का तपासायचे. मामी म्हणायच्या, वहम झालाय यांना. आम्ही त्यांना तपासणीला नेलं. बुरशी नव्हती. डॉक्टर म्हणाले, काही नाहीये, टेन्शन घेऊ नका. मामू घरी येऊन पुन्हा आरशासमोर. दोन महिने. जुलैमध्ये कृष्णेला पूर आला, 2019 ची आठवण ताजी होतीच. आयर्विन पुलाखालचं पाणी पन्नास फुटांवर गेलं तेव्हा मामूंच्या गल्लीतली वीज गेली. फ्रिज बंद. मामूंनी इन्सुलिनची बाटली ओल्या रुमालात गुंडाळून छातीशी धरली आणि रात्र बसून काढली. वापरात असलेली बाटली महिनाभर साध्या तापमानाला टिकते, उन्हाळ्यात माठाजवळ ठेवली तरी चालते. पण ही साधी गोष्ट त्यांना वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. त्या रात्रीनंतर ते बोलायचेच बंद झाले. घरच्यांनी त्यांच्या एचबीएवनसीची फाइल सांभाळून ठेवलीय. ते गप्प का झाले याची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नाही.

आता आपल्यावर येतो. खचलेल्या मधुमेह्याला आपल्याकडे तीन वाक्यं ऐकवली जातात. टेन्शन घेऊ नको. परहेज कर. नमाज पढ, दिलाला सुकून मिळेल. पहिलं वाक्य निरुपयोगी आहे. घेऊ नको म्हटल्याने टेन्शन जात असतं तर मानसोपचाराची शाखाच निघाली नसती. दुसरं वाक्य हा आरोप आहे, त्याचा अर्थ तू खादाड आहेस म्हणून तुझी ही अवस्था झाली. तिसऱ्या वाक्यावर मला थांबायचं आहे, कारण ते म्हणणारे बहुतेक लोक चांगल्या मनाचे असतात.

इबादतीने धीर येतो, मलाही येतो. पण त्या वाक्यामागे पुष्कळदा एक न बोललेली गोष्ट असते की तू खचलास म्हणजे तुझं ईमान कमी पडलं. याला दीनमध्ये आधार नाही. हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, हे कुरआनमध्येच आहे. त्यांचं ईमान कमी होतं असं कोण म्हणेल? रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या आयुष्यातल्या एका वर्षाला आपले इतिहासकार दुःखाचं वर्ष म्हणतात, हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब गेले ते वर्ष. दुःख ही ईमानच्या विरुद्ध गोष्ट असती तर हे नाव पडलं नसतं. आणि ज्यांना मुस्लिम विज्ञानाच्या सुवर्णकाळाबद्दल स्टेटस टाकायला आवडतं त्यांच्यासाठी एक नाव सांगतो, अबू जैद अल-बल्खी. 934 साली वारले. त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला, कारण त्यांचं म्हणणंच हे होतं की शरीर आजारी पडलं की मनाला झळ लागते आणि मन आजारी पडलं की शरीराला. मधुमेहाबद्दल आजचे डॉक्टर जे सांगतात ते याहून फार वेगळं नाही. तेराव्या शतकात कैरोत सुलतान कलावूनने बांधलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. आणि आपण आज, मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं तर अपॉइंटमेंट दुसऱ्या नावाने घेतो.

बायकांचं तर विचारूच नका. घरातल्या पुरुषाला शुगर निघाली की सगळ्या घराची भाकरी बदलते. बाईला निघाली की ती सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेला भात खाते. लॉकडाऊनमध्ये घर भरलेलं, दिवसातून पाच वेळा चहा, दोन वेळा स्वयंपाक आणि तिला फिरायला जायचं निमित्तही नाही, कारण तिला मशिदीचाही रस्ता नव्हता आणि कट्टाही. माझ्या एका लांबच्या बहिणीला टाइप वन आहे. तिचं लग्न ठरेपर्यंत इन्सुलिन पेन शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये लपवलेला असायचा. हा आजार लपवायला लावणारं घर आणि "मोकळेपणाने बोल" असा सल्ला देणारं घर एकच असतं.

यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत, कारण मी ते मीटिंगमध्ये ऐकलेत. माणसं मरत होती, तेव्हा मनाचं काय घेऊन बसलास? मी म्हणतो, त्यातली काही माणसं मनामुळेही मेली. उशिरा टेस्ट केलेली, गोळ्या सोडून दिलेली, आता काय उपयोग म्हणून दवाखान्यात न गेलेली. त्यांच्या नावापुढेही मधुमेह एवढंच लिहिलं गेलं. दुसरा आक्षेप असा की मानसोपचारतज्ज्ञ आहेतच किती? हे खरं आहे. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पण मी प्रत्येक मधुमेह्याला तज्ज्ञ द्या म्हणतच नाहीये. जगभर वापरली जाणारी सगळ्यात छोटी चाळणी दोन प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटतंय का? पूर्वी ज्यात रस होता त्यातला रस गेलाय का? त्याला मी मधुमेह्यांसाठी तिसरा जोडेन, शुगर सांभाळून दमून गेलात का? हे विचारायला एमबीबीएस लागत नाही. उत्तर ऐकून घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि गंभीर वाटलं तर पुढे कुठे पाठवायचं ते माहीत असावं लागतं. ते सांगतो. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट, मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये सेव्ह करा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे उपचार मिळणं हा हक्क केलाय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे, मधुमेह-रक्तदाबासाठी वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून. दोन्ही बहुतेक वेळा एकाच जिल्हा रुग्णालयाच्या आवारात चालतात. मधुमेहाच्या खिडकीवरचा माणूस मनाच्या खिडकीपर्यंत पोचावा अशी चिठ्ठी लिहायला कुणाचा विरोध आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि पैशाचं म्हणाल, तर मे 2020 मध्ये आपल्या शेजारच्या इचलकरंजीत मुस्लिम समाजाने जकातीच्या रकमेतून 36 लाख रुपये गोळा करून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी त्याचं उद्घाटन झालं. आयसीयू सगळ्यांसाठी, धर्म न विचारता. ज्या भागातला समाज लॉकडाऊनमध्ये आयसीयू उभारू शकतो तो आठवड्यातून एक दिवस बसणाऱ्या समुपदेशकाचं मानधन देऊ शकत नाही, यावर माझा विश्वास नाही. फरक एवढाच की आयसीयूचा फोटो येतो. समुपदेशकाच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही.

2023 मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, भारतात 10 कोटींहून जास्त मधुमेही, आणि त्याच्या उंबरठ्यावरचे 13 कोटींहून जास्त. तुम्ही आज पंचविशीत असाल तर तुमच्या घरातलं कुणीतरी यात आहे, आणि आपलं खाणं, आपलं बसून काम करणं बघता पुढे तुम्हीही असाल. महामारी गेली, पण मामूंसारखी गप्प झालेली माणसं घरांत आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या साथीची वाट बघायची गरज नाही. रमजानच्या दोन महिने आधी मशिदीत एलान होऊ शकतं की शुगरवाल्यांनी रोज्याआधी डॉक्टरांना भेटावं आणि ज्यांना मनाई आहे त्यांनी दिवसा उजळ माथ्याने खावं. हे वाक्य इमामसाहेबांच्या तोंडून आलं तर दार लावून बिस्किट खाणारी कित्येक पोरं दार उघडतील.

आमच्या मोहल्ल्यात येत्या महिन्यात मोफत शुगर तपासणीचा कॅम्प आहे. टेबलं, पट्ट्या, नर्स सगळं ठरलंय. मी एक टेबल मागितलंय, तिथे आकडा सांगून झाल्यावर ते तीन प्रश्न विचारले जातील, एक टेबल बायकांचं, तिथे बाईच बसेल. कमिटीतले एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, लोग शुगर चेक कराने आते, पागल समझके वापस जाते." त्यांना स्वतःला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. मी त्यांना विचारलं, चाचा, तुम्हाला शेवटचं कुणी कधी विचारलं होतं, कसं चाललंय म्हणून? ते बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बॅनरवर लिहू नकोस, पण टेबल ठेव. बॅनरवर लिहायचंच असं माझं म्हणणं आहे आणि त्यावर जुम्म्यानंतर पुन्हा मीटिंग आहे.